बुद्धिबळात रॅपिडचं रेटिंग हलत नाही, सरावात नेमकं काय चुकतंय?

म्हापशेकर: लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर रॅपिडला (मध्यम वेळेचे डाव) १५५० च्या आसपास अडकलोय. ऑफिसातून आल्यावर रोज तासभर मिळतो. त्यात ब्लिट्झचे (अगदी कमी वेळेचे) डाव आणि थोडी कोडी. डाव संपला की लगेच इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) लावून चुका बघतो, पण पुढच्या डावात पुन्हा तेच. पुढे एखादी रेटिंग स्पर्धा खेळायची आहे. हा तास कसा वापरू?

डिचोलीचा हत्ती: इंजिन लगेच लावणं हीच गडबड आहे. उत्तर आयतं दिसलं की आपण मान डोलावतो आणि विसरतो. एका दिवशी १५+१० चा (प्रत्येकाला १५ मिनिटं, दर चालीला १० सेकंद वाढीव) एकच डाव खेळा. चाळीस चालींचा डाव पाऊण तासात आटोपतो. दुसऱ्या दिवशी तोच डाव इंजिन बंद ठेवून पाहा. चालींना लागलेल्या वेळेचा आलेख उघडा, जिथे सर्वांत जास्त वेळ गेला अशा तीन-चार जागा निवडा आणि तिथे काय विचार केला होता, समोरच्याची कुठली धमकी दिसली होती, ते वहीत लिहा. इंजिन त्यानंतर.

चुकीचं कारण मात्र नेमकं लिहायचं. उदाहरणार्थ (आधी पांढरा, मग काळा; नुसतं घर लिहिलंय ती प्याद्याची चाल): ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५ डी५, प्याद्याने डी५ वर मारलं आणि काळ्याने घोड्यानेच परत मारलं. आता घोडा एफ७ वर मारतो, राजाने तो घेतला की वजीर एफ३ वर शह देतो आणि डी५ च्या घोड्यावरही नजर ठेवतो. तो घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर, पटाच्या मध्यात यावं लागतं. इथे ‘ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) येत नाही’ असं लिहून काय उपयोग? ‘एफ७ ला राजाशिवाय कुणाचा आधार नाही, हे घोडा जी५ वर आला तेव्हा पाहिलं नाही’ असं लिहा. घोड्याने परत मारण्याऐवजी घोडा ए५ ही पुस्तकी चाल मग पाठ करावी लागत नाही, तिचं कारणच कळतं. वीसेक डावांनंतर वही चाळा. धमकी न दिसणं, हिशेब एक चाल आधी थांबणं, घड्याळ, यांतलं काय जास्त आहे ते आपोआप दिसेल.

साखळीची वजीर: वरच्याशी सहमत, पण कोड्यांबद्दलही बोलायला हवं. पहिली चाल सुचली की लगेच खेळून टाकणं म्हणजे नुसता अंदाज. समोरच्याच्या सर्वांत चिवट उत्तरापर्यंत सगळी साखळी डोक्यात झाल्याशिवाय माऊसला हात लावू नका. अशी दहा पुरेत. चुकलेली आठवड्याने पुन्हा सोडवा. आणि कोड्यात काहीतरी आहे हे आधीच माहीत असतं, डावात ते कोण सांगणार? म्हणून प्रत्येक चालीआधी समोरच्याचे शह, मारामारी आणि धमक्या, याच क्रमाने बघायच्या.

एंडगेममध्ये (डावाच्या शेवटच्या टप्प्यात) सध्या फिलिडोर बचाव, म्हणजे हत्ती आणि प्याद्याविरुद्ध नुसत्या हत्तीने बरोबरी राखणं, एवढाच पक्का करा. राजा प्याद्यापुढे, हत्ती सहाव्या ओळीवर (ओळी प्यादंवाल्याच्या बाजूने मोजायच्या). प्यादं सहाव्यावर आलं रे आलं की हत्ती पहिल्या ओळीवर नेऊन मागून शह. प्यादं यायच्या आधीच हत्ती हलवला की बरोबरी हातची जाऊ शकते.

पणजी ६४: स्पर्धेसाठी दोन गोष्टी. चाल आधी लिहून मग खेळायची सवय लावू नका, नियमात बसत नाही. उरलेली वेळ मात्र स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) लिहिता येते. दर पाच चालींनी लिहा, विश्लेषणाला फार कामी येते.

दुसरं, २०२५ मध्ये आपल्या गोव्यातच विश्वचषक झाला. त्यातले क्लासिकल (लांब वेळेचे) डाव ९० मिनिटं, चाळीस चालींनंतर आणखी ३० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून ३० सेकंद वाढीव, असे होते. घड्याळाच्या वेळांसह ते मिळतात. एका बाजूच्या चाली झाकून ओळखत जा. खेळाडू जिथे दहा-पंधरा मिनिटं थांबला, तिथे तुम्हीही थांबा.

म्हापशेकर: बरं झालं विचारलं. मग पझल स्टॉर्म (घड्याळाशी शर्यत लावून भराभर कोडी) आणि ब्लिट्झ बंदच करू का?

साखळीची वजीर: बंद कशाला? ब्लिट्झचे दोन-चार डाव रविवारी, नवीन ओपनिंग चाचपायला. स्टॉर्म हवं तर खेळा, पण ते या तासात धरू नका.