मंदीतली घरं आणि जाहिरातींचे दावे: तुमचे अनुभव लिहा

घरांची विक्री थंडावली की बिल्डर सहसा भाव उतरवत नाहीत, जाहिराती वाढवतात. २०१६ च्या नोटाबंदीनंतर हे पाहिलं, २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी अडचणीत येऊन गृहवित्त कंपन्यांचा पैसा आटला तेव्हा पुन्हा पाहिलं. दर कमी केला तर आधी घेतलेले ग्राहक भांडायला येतात. म्हणून दर तोच ठेवून मॉड्युलर किचन, सोन्याचं नाणं, 'ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही' अशी आमिषं पुढे केली जातात, आणि आयुष्याची पुंजी घालणारा माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता कायदा. त्याचं १२वं कलम अजून पुष्कळांना ठाऊक नाही. जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या दाव्यावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत मागता येतात. म्हणून विनंती: बिल्डरचं नाव नको, पण जाहिरातीत काय होतं आणि हातात काय आलं ते तपशिलात लिहा.

वाकड, पुणे

सॅम्पल फ्लॅट पाहायला माझे वडील सोबत होते. आयुष्यभर फर्निचरचं काम केलेला माणूस, खिशात टेप असतोच. बेडरूममध्ये डबलबेड, दोन्हीकडे साईड टेबल, तरी ऐसपैस जागा. त्यांनी पलंग मोजला. लांबी साडेपाच फूट! म्हणजे मी झोपलो तर पाय बाहेर. मग लक्षात आलं की आतल्या खोल्यांना दारंच बसवलेली नाहीत, आणि कपाटाची खोली जेमतेम सव्वा फूट, हँगर आडवा राहणार नाही. सेल्सच्या मुलाला विचारलं तर 'फर्निचर फक्त कल्पना यावी म्हणून' असं म्हणाला. कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, विचारला तर फोनवर सांगितलेला आकडा 'सेलेबल' निघाला, म्हणजे जिना, लिफ्ट वगैरे धरून फुगवलेला. आम्ही तिथूनच परतलो.

ठाणे, घोडबंदर रोड

आमच्याकडे '२०:८०'चा बोर्ड होता. आत्ता २० टक्के भरा, बाकीचे ताब्याच्या वेळी. वाचून कुणालाही वाटेल की उरलेले पैसे बिल्डर नंतर घेणार. प्रत्यक्षात ८० टक्क्यांचं कर्ज पहिल्या दिवसापासून माझ्या नावावर होतं. ताबा मिळेपर्यंत त्याचं व्याज बिल्डर भरणार, एवढीच काय ती सवलत. काम प्लिंथवर (जोत्यापर्यंतच) असताना गृहवित्त कंपनीने बहुतेक रक्कम बिल्डरला देऊन टाकली. बँकांनी असं करू नये, बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे द्यावेत, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलं होतं. गृहवित्त कंपन्यांना राष्ट्रीय आवास बँकेने अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं ते जुलै २०१९ मध्ये. आम्ही मधल्या काळातले.

काही काळ व्याज भरलं गेलं. मग एका सकाळी 'हप्ता थकला आहे' असा मेसेज माझ्या मोबाईलवर. साईट ऑफिसला फोन केला की 'अकाउंट्सला कळवतो'. त्रिपक्षीय करारात स्पष्ट होतं की बिल्डरने व्याज चुकवलं तरी फेडायची जबाबदारी कर्जदाराची. घरभाडं आणि व्याज असं दोन्ही मी भरतोय. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, इतका घसरला की मुलीच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून मी चाललो नाही, मेव्हण्याला उभं करावं लागलं. दिल्ली परिसरातल्या अशाच योजनांमधलं बिल्डर आणि बँकांचं साटंलोटं तपासायला सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सीबीआयला सांगितलं. आमच्यासारखे इथेही आहेत. हप्ता नाही असं लिहिलेलं दिसलं की कर्ज कुणाच्या नावावर, एवढं तरी विचारा.

डोंबिवली

'जीएसटी शून्य' म्हणून मोठी जाहिरात होती, इमारत तयार. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेल्या घराच्या विक्रीवर जीएसटी लागतच नाही, ते सवलत म्हणून विकत होते. 'स्टॅम्प ड्युटी आम्ही भरू' हेही होतं, ती रक्कम मूळ दरात चढवलेली निघाली.

पिंपरी-चिंचवड

मी चॅनल पार्टनरकडे, म्हणजे बिल्डरची घरं विकणाऱ्या दलालाकडे, कॉलिंगचं काम करायचे. '४५ लाखांपासून' मधला ४५ लाखांचा फ्लॅट एकच असायचा, पहिल्या मजल्यावर ट्रान्सफॉर्मरसमोर, आणि फोन आला की तो 'कालच बुक झाला' असं सांगायचं. 'शेवटचे ३ फ्लॅट' लिहिलेलं असताना आमच्या शीटवर अख्खी विंग मोकळी दिसायची. रविवारपुरती म्हणून दिलेली स्पॉट ऑफर सोमवारीही चालू. सगळ्यात वाईट म्हणजे प्री-लाँच. व्हॉट्सॲपवर 'नामांकित बिल्डर' एवढंच, ना प्रकल्पाचं नाव, ना रेरा नंबर, आणि ईओआयचे, म्हणजे घर घ्यायची इच्छा आहे असं लिहून घेऊन, चेक गोळा. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाची नोंदणीआधी जाहिरात करणं किंवा बुकिंग घेणं रेराच्या तिसऱ्या कलमाने बेकायदा आहे. मी लोकांच्या तोंडावर खोटं बोलू शकत नव्हते, नोकरी सोडली.

नेरळ

नवी मुंबई विमानतळाच्या नावावर आमच्याकडे वर्षानुवर्षं प्लॉट विकले गेले. पायाभरणी २०१८ ची, प्रवासी विमानं उडू लागली डिसेंबर २०२५ मध्ये. 'विमानतळ २५ मिनिटांवर' लिहिणाऱ्यांनी कुठला रस्ता धरला होता कोण जाणे. त्याहून गंभीर म्हणजे 'एनए प्लॉट' (बिनशेती) सांगून गुंठ्यांनी विकलेली शेतजमीन. सातबाऱ्यावर इतर अनोळखी माणसांबरोबर सामाईक नाव लागतं आणि आपला तुकडा नेमका कुठला हे कागदावर कुठेच नसतं. मुंबईतले निवृत्त लोक फंडाचे पैसे घेऊन येतात. जमीन बिनशेती असल्याचा कागद आणि मंजूर लेआउट हातात घेतल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

दुबई

इथल्या प्रॉपर्टी प्रदर्शनात पुण्याच्या प्रकल्पाचं चित्र पाहिलं, मागे टेकडी, समोर तळं. भावाला जागेवर पाठवलं. टेकडी खरी होती. तळं म्हणजे खाणीचा खड्डा होता.

नाशिक

क्लब हाऊस आणि पोहण्याचा तलाव माहितीपत्रकात होता, मंजूर आराखड्यात नव्हता. करारात 'सुविधांत बदलाचा अधिकार बिल्डरकडे' असं कलम घातलेलं. माहितीपत्रक, सेल्सचे ईमेल आणि पेपरातली जाहिरात तारखेसकट जोडून महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) तक्रार केली. निकाल आमच्या बाजूने लागला, व्याजासह परताव्याचा आदेश मिळाला. पैसे मात्र आले नाहीत. वसुली वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयात गेलं, तिथून तहसीलदारांकडे. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ही वसुली होते, पण पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो. काही रक्कम मिळाली, उरलेली बाकी आहे.

धागाकर्ता

नाशिककर, वसुलीबद्दल सविस्तर लिहाल का? तहसील कार्यालयात कुणाला भेटायचं, बिल्डरच्या मालमत्तेची माहिती तुम्ही दिलीत की त्यांनी शोधली? इथे अजून एक जोडतो: महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत रेरा क्रमांकाबरोबर क्यूआर कोड सक्तीचा आहे. स्कॅन केला की पूर्ण व्हायची तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली आणि प्रकल्पावरचे खटले दिसतात. होर्डिंगवर कोड नसेल किंवा वाचता येणार नाही इतका बारीक असेल तर फोटो काढून ठेवा. कोल्हापूर, नागपूर आणि गोव्याकडच्या मंडळींचे अनुभव अजून आलेले नाहीत, तेही लिहा.