'फ्लिप-फ्लॉपर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
2004 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत इराक युद्धावरून तिथल्या टॉक रेडिओवर जी खडाजंगी चालली होती, तिच्यावर लेख लिहिते आहे. अध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध उभे असलेले डेमोक्रॅट उमेदवार, सिनेटर जॉन केरी यांना उठताबसता 'फ्लिप-फ्लॉपर', म्हणजे सारखं मत बदलणारा, म्हटलं जायचं. मी पहिल्या खर्ड्यात 'घूमजाव करणारा' लिहिलं, पण मन मानत नाही. 'कोलांटउडी', 'धरसोड', 'तळ्यात-मळ्यात' यांपैकी काय बसेल? 'कट अँड रन' (लढाई सोडून पळणं) आणि 'डिटोहेड' (रेडिओ निवेदक रश लिंबॉ यांचे चाहते श्रोते) हे शब्दही अडलेत.

प्रतिसाद:
घूमजाव नको. ते एकदाच होतं, पण पुरतं होतं. 'निर्धाराने पुढे जात राहू' अशा अर्थाची घोषणा बुश यांनी वर्षानुवर्षं दिली आणि ऑक्टोबर 2006 मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत 'आमचं धोरण तसं कधीच नव्हतं' असं सांगितलं. ते घूमजाव. केरींवरचा आरोप सारखं इकडून तिकडे उड्या मारण्याचा होता, म्हणून 'तळ्यात-मळ्यात' घ्या. 'आयाराम-गयाराम' कोणी सुचवलं तर ऐकू नका. तो हरियाणातला, 1967 सालचा शब्द, आणि पक्ष बदलणाऱ्यांसाठीचा.

प्रतिसाद:
'तळ्यात-मळ्यात' मला पटत नाही. त्यात माणसाचा निर्णयच झालेला नसतो. केरींनी तर दोन्ही वेळा स्पष्ट मत दिलं होतं. आधी प्रसंग नीट पाहा, मग शब्द निवडा.

ऑक्टोबर 2002 मध्ये इराकविरुद्ध बळ वापरण्याच्या ठरावाला सिनेटने 77 विरुद्ध 23 मतांनी मंजुरी दिली. केरी बाजूने होते. वर्षभराने इराक आणि अफगाणिस्तानसाठी 87 अब्ज डॉलरची मागणी आली. श्रीमंतांना दिलेली करसवलत काही प्रमाणात मागे घ्या आणि त्यातून हा खर्च भागवा, अशी दुरुस्ती केरी आणि जो बायडन यांनी मांडली. केरींनी अर्थातच तिच्या बाजूने मत दिलं. ती फेटाळली गेली, तेव्हा त्यांनी मूळ विधेयकाच्या विरोधात मत दिलं. मार्च 2004 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनला बोलताना हे सगळं त्यांनी एका वाक्यात कोंबलं. वाक्याचा आशय असा: '87 अब्जांच्या विरोधात मत देण्याआधी मी खरं तर बाजूने मत दिलं होतं.' बुश यांच्या प्रचारकांनी ते वाक्य लगेच उचललं आणि जाहिरातीत घातलं.

दुरुस्ती वेगळी, विधेयक वेगळं, हे रेडिओवर समजावून सांगायला वेळ लागतो. फोन केलेल्या श्रोत्याला तेवढा वेळ कोण देणार? 'फ्लिप-फ्लॉपर' म्हणायला एक श्वास पुरतो. शिवाय हा शिक्का एका मतदानापुरता नव्हता. युद्ध चालू असताना असल्या स्वभावाचा माणूस अध्यक्ष नको, असं त्यातून सांगायचं होतं. स्वभावावरच बोट ठेवायचं तर मराठीत 'धरसोड वृत्तीचा' हाच शब्द आहे. केरी शिडाच्या फळीवर उभे राहून विंडसर्फिंग करताना दाखवणारी बुश यांच्या प्रचाराची जाहिरात लेखात येणार असेल, तर तिथे 'वारा येईल तशी पाठ फिरवणारा' चालेल.

पण 'धरसोड' फक्त विरोधकांच्या तोंडी, अवतरणात ठेवा. तुमच्या निवेदनात 'दुरुस्तीला पाठिंबा, विधेयकाला विरोध' असं सरळ लिहा. नाहीतर आरोप करणाऱ्यांचा निकाल वाचकाला तुमचाच वाटेल, आणि केरींवर तो अन्याय होईल.

न्यूयॉर्कच्या रिपब्लिकन अधिवेशनात प्रतिनिधींनी रबरी स्लिपर उंचावून हलवल्या, कारण इंग्रजीत स्लिपरलाही फ्लिप-फ्लॉप म्हणतात. हा श्लेष मराठीत येणार नाही. एका वाक्यात खुलासा करून पुढे जा.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. 'धरसोड' अवतरणात घेते. 'कट अँड रन'ला 'काढता पाय घेणे' चालेल का?

प्रतिसाद:
नाही हो, फार मवाळ होईल. नकोशा बैठकीतूनही आपण काढता पाय घेतो, त्यात कोणी भित्रं ठरत नाही. मुळात हा खलाशांचा शब्द, नांगराचा दोर कापून जहाज पळवण्याचा, पण राजकारणात तो भ्याडपणाचा आरोप होतो. नोव्हेंबर 2005 मध्ये डेमोक्रॅट खासदार जॉन मर्था यांनी इराकमधून सैन्य परत आणा म्हटलं. दुसऱ्याच दिवशी रिपब्लिकन खासदार जीन श्मिट यांनी प्रतिनिधिगृहात त्यांना एक निरोप ऐकवला: भित्रे पळ काढतात, मरीन कधीच नाही. मर्था स्वतः मरीन होते, व्हिएतनामला लढून आलेले. हा घाव वाचकाला लागायचा असेल तर 'पळ काढणे' किंवा 'शेपूट घालून पळणे' घ्या.

प्रतिसाद:
'डिटोहेड'बद्दल. वादाच्या विषयात दोन्ही बाजू ऐकवण्याचं बंधन अमेरिकी प्रसारण आयोगाने 1987 मध्ये उठवलं, एकाच बाजूने बोलायची मोकळीक मिळाली आणि 1988 मध्ये रश लिंबॉ यांचा टॉक रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला. फोन करणारा प्रत्येक जण आधी कार्यक्रमाचं कौतुक करायचा आणि त्यात वेळ जायचा. मग श्रोते नुसतं 'डिटो' म्हणू लागले, म्हणजे कौतुक आधीच्या माणसासारखंच, आता मुद्द्यावर येतो. 'होयबा' लिहिलंत तर ही हकीकत बुडते, आणि होयबा कोणी स्वतःला म्हणवून घेत नाही. हे श्रोते तर डिटोहेड असल्याचं अभिमानाने सांगत. 'री ओढणारे' जवळचा आहे, पण त्यालाही टीकेचा वास येतो. मी 'डिटोहेड' तसाच ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे त्या फोनची हकीकत देईन.