तळे सुटण्याची वाट : तुमचे अनुभव

माळा आवरताना २०१३ सालचे कालनिर्णय हाती लागले आणि पुढचे आवरणे तिथेच राहिले. त्या वर्षी आम्ही मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, ईली गावापासून बरेच आत, एका तळ्याकाठी राहत होतो. मार्चपासून पुढच्या प्रत्येक चौकटीत मी लाल पेन्सिलीने दोनच शब्द लिहिलेले आहेत : 'बर्फ आहे'. ११ एप्रिलला पाडवा होता, तेव्हा गुढीची काठी अंगणातल्या बर्फातच रोवली होती. १३ मेला अक्षय्य तृतीया आली, तरी चौकटीतले शब्द बदललेले नाहीत.

तळ्यावरचा बर्फ जाण्याची वाट पाहायची म्हणजे रंग पाहायचा, हे मला तिथे कळले. वर पांढरे हिम असते तोवर ऊन परतवले जाते आणि तळे ढिम्म राहते. ते हिम वितळले की प्रकाश आत शिरतो, बर्फ राखाडी होतो, मग काळपट होतो आणि आतून पोखरत जातो. काठाजवळची उथळ जमीन आधी तापते, म्हणून पहिली पाण्याची रेघ काठालगत दिसते. तोवर सगळे एकमताने चालते. वाद पुढे होतो, कारण तळे नेमके कधी 'सुटले' हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. शेजारच्या आजोबांच्या मते त्यांच्या धक्क्यापासून समोरच्या काठापर्यंत होडी बर्फाला न लागता गेली पाहिजे. आमच्या ह्यांच्या मते कुठल्याही खाडीत पांढरा ठिपका उरता कामा नये. माझे म्हणणे साधे होते : स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी हलताना दिसले की सुटले. तुमच्याकडे हे कोण ठरवते, ते सवडीने लिहा.

— माळ्यावरची

आमच्या न्यू हॅम्पशायरमध्ये हा निर्णय जहाजावर सोडलेला आहे. विनिपसॉकी तळ्यावरचे 'माउंट वॉशिंग्टन' हे प्रवासी जहाज आपल्या पाचही धक्क्यांना पोहोचू शकेल इतके पाणी मोकळे झाले की तळे सुटले असे जाहीर होते, आणि या तारखांच्या नोंदी १८८७ पासून आहेत. कचेरीतल्या पैजेत मी दरवर्षी हरतो, कारण मी पंचांग पाहून तारीख देतो.

— पाचवा धक्का

व्हरमाँटमध्ये जोज पाँड नावाचे तळे आहे, तिथे माणसाच्या मतालाच वाव ठेवलेला नाही. बर्फावर सिमेंटचा पोकळ ठोकळा ठेवतात आणि त्याला बांधलेली दोरी काठावरच्या विजेच्या घड्याळापर्यंत नेतात. बर्फ खचला की ठोकळा बुडतो, घड्याळाची तार ओढली जाते आणि काटे जिथे थांबतात ती वेळ खरी मानली जाते. अलास्कात नेनाना इथे असाच प्रकार १९१७ पासून चालू आहे, तिथे बर्फावर लाकडी तिकाटणे उभे करतात.

— दोरीचे टोक

नेनानाचे तिकाटणे टॅनाना नदीवर असते, तळ्यावर नव्हे. नदीचा बर्फ खालच्या प्रवाहाने फुटून वाहून जातो, तळ्याचा जागच्या जागी कुजतो. दोन्हींची वाट पाहण्याची तऱ्हाच वेगळी आहे. चूक काढल्याबद्दल राग नसावा.

— पाचवा धक्का

राग नाही, पण तुम्ही पंचांगवाले आहात हे लक्षात ठेवीन.

— दोरीचे टोक

आम्ही उत्तर कॅनडातल्या यलोनाइफला होतो, तेव्हा बर्फ सुटणे म्हणजे भाजी बंद होणे असा सरळ अर्थ होता. मॅकेंझी नदीवर पूल नव्हता. हिवाळ्यात मालाचे ट्रक बर्फावरच्या रस्त्याने येत आणि उन्हाळ्यात फेरीबोटीने. मधल्या काही आठवड्यांत बर्फ ट्रक पेलेना आणि बोटीला वाट देईना, त्यामुळे ताज्या भाजीचे भाव असे चढत की मी कोथिंबिरीच्या काड्या फ्रीजमध्ये मोजून ठेवीत असे. देह चो पूल नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू झाला आणि ती ओढाताण संपली. तिथल्या खाडीत तरंगत्या घरांतून राहणारे लोक मात्र या दिवसांत अजूनही होडी ढकलीत जातात : एक पाय होडीत, दुसरा बर्फावर, आणि बर्फ खचलाच तर अंग होडीत टाकायचे.

— मोजकी कोथिंबीर

कोथिंबीरताई, या अधल्यामधल्या काळाला फिनलंडमध्ये 'केलिरिक्को' असा खास शब्द आहे. पायी जाता येत नाही आणि होडीही चालत नाही, असे ते दिवस. शेजारच्या काकांनी आम्हाला पहिल्याच हिवाळ्यात गळ्यात अडकवायच्या दोन टोच्या दिल्या होत्या. पाण्यात पडल्यास त्या बर्फात रुतवून स्वतःला वर ओढायचे असते. बाळ उठले, बाकीचे नंतर लिहिते.

— उत्तररात्र

टोच्यांवरून आमचा कुत्रा आठवला. चांगल्या हिवाळी बर्फाचा चार इंचांचा थर माणसाला पेलतो, हे ऐकून मी निर्धास्त होतो आणि समोरचा बर्फ तर चांगला फूटभर जाड होता. कुत्रा काठापासून दहा पावलांवर गेला आणि आवाजही न होता खाली गेला. पाणी मांडीइतकेच होते म्हणून मी त्याला मानगुटीला धरून बाहेर काढू शकलो. कडेचे एक ढेकूळ उचलून पाहिले, तर ते हातातच सुटे झाले : बोटाएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या उभ्या काड्या, शेजारी शेजारी नुसत्या टेकून उभ्या असाव्यात तशा. वसंतातले ऊन स्फटिकांमधले सांधे आधी वितळवते, त्यामुळे जाडी राहते पण पकड जाते. वारा सुटला की याच काड्या एकमेकींवर घासून किणकिणतात. आमच्या आईने फोनवरून तो आवाज ऐकला आणि 'कासार आलाय का दारात?' असे विचारले.

— ओला कुत्रा

२०१३ म्हणालात म्हणून लिहितो. त्या वर्षी ११ मेला, मिनेसोटातल्या मासेमारीच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी, मील लाक्स तळ्याचा बर्फ वाऱ्याने काठावर ढकलला आणि काही घरांची दारे फोडून आत शिरला. आम्ही मासे पकडायला निघालो होतो. गळ गाडीतच राहिले. बर्फ चालून येताना ट्रकमधून खडी ओतल्यासारखा आवाज येतो आणि तो थांबत नाही, एवढे आठवते.

— गळ गाडीतच

लून पक्ष्याबद्दल कोणीच कसे लिहिले नाही? त्याचे पाय फार मागे असतात, त्यामुळे जमिनीवरून त्याला उडता येत नाही आणि पाण्यावर लांब धाव घ्यावी लागते. म्हणून तो पुरेसे पाणी मोकळे झाल्याखेरीज उतरत नाही. कित्येकदा बर्फ गेला त्याच दिवशी हजर होतो. माझ्या मते निर्णय त्याच्यावर सोडावा. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, जाते.

— तिसरी शिट्टी

माळ्यावरच्या ताई, मग त्या वर्षी पैज कोण जिंकले?

— ओला कुत्रा

कॅलेंडर पुन्हा काढून पाहिले. १५ मेच्या चौकटीत माझ्या अक्षरात 'सुटले' असे आहे. १८ मेच्या चौकटीत ह्यांच्या अक्षरात, निळ्या शाईने, 'आता सुटले' असे आहे. आजोबांची होडी १६ तारखेला पार गेली होती, पण येताना अडकली, म्हणून त्यांनी आपला निकाल राखून ठेवला तो कायमचाच. लून आल्याची नोंद मी केलेली नाही, तिसरी शिट्टी. मात्र १५ तारखेच्या रात्री कोणी तरी ओरडत होते, असे हे आत्ता शेजारी बसून म्हणत आहेत.

— माळ्यावरची