दिव्यांग पार्किंग कार्ड परदेशात: कार्ड माणसाचं, मग दंड नंबरप्लेटला का?

रोडट्रिपवाली

आम्ही जर्मनीत राहतो. नवऱ्याला लहानपणी पोलिओ झालेला, आता वयाबरोबर पाय अजून कमजोर झालेत, कॅलिपर आणि कुबडी घेऊन शंभर पावलं चालला की बसायला जागा शोधावी लागते. त्याच्याकडे युरोपियन पार्किंग कार्ड आहे, तेच ते फिक्कट निळं, व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं. गेल्या वर्षी आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीवरून खाली इटलीत उतरलो, आठ दिवस मस्त गेले, कार्ड कायम डॅशबोर्डवर, पार्किंग फक्त राखीव चौकोनात, कुठे पोलिसाने हटकलं नाही की वायपरखाली चिठ्ठी नाही.

आठ महिन्यांनी घरी रजिस्टर्ड पाकीट. एका शहरात आम्ही झेडटीएलमध्ये म्हणजे जुन्या गावठाणातल्या गाड्यांना बंदी असलेल्या भागात शिरलो म्हणून दंड. एक नाही, दोन. एक आत जातानाचा, दुसरा संध्याकाळी परत येतानाचा. आता कार्डधारकाला तिथे जायची मुभा असते हे मला माहीत होतं, म्हणूनच तर गेलो, हॉटेलही आतच होतं. पण मुभा कशी मिळते, तर त्या नगरपालिकेला आधी गाडीचा नंबर कळवून. का, तर फाटकावर माणूस नाही, कॅमेरा आहे, आणि कॅमेऱ्याला नंबरप्लेट वाचता येते, काचेमागचं कार्ड वाचता येत नाही. मी तर कार्डाशेजारी इटालियनमधे छापलेली चिठ्ठीपण ठेवली होती, "गाडीत दिव्यांग व्यक्ती आहे" वगैरे, आता आठवलं की स्वतःचंच हसू येतं, कोणाला दाखवत होते मी?

तर माझं म्हणणं असं की हे कार्ड माणसाला दिलेलं आहे, गाडीला नाही. उद्या तो मित्राच्या गाडीत बसला, टॅक्सीत बसला, भाड्याच्या गाडीत बसला तरी कार्ड त्याच्याबरोबर जातं, तोच तर त्याचा मुद्दा. मग प्रत्येक देशात, देश सोडा, प्रत्येक गावात जाऊन आपली गाडी आधी नोंदवा हे कार्ड मान्य केल्यासारखं आहे की नाकारल्यासारखं? माझ्या मते नाकारणंच. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_काका

असहमत. सहानुभूती आहे, पण असहमत.

झेडटीएल हा काही लपवलेला प्रकार नाही, इटलीत गाडी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा हेच सांगतात. धडधाकट लोकांनाही असेच घरपोच दंड येतात. तुम्ही हॉटेलचे रिव्ह्यू तासभर वाचले असतील, त्यातली दहा मिनिटं नगरपालिकेच्या पानावर घालवली असती तर हे झालं नसतं. शिवाय हॉटेलवालेच बऱ्याचदा नंबर कळवतात, त्यांना विचारलं होतं का?

दुसरं म्हणजे "युरोपभर चालतं" हे वाक्यच लोक चुकीचं घेतात. ते निळं कार्ड १९९८ च्या युरोपियन युनियनच्या कौन्सिलच्या शिफारशीतून आलंय. शिफारस! म्हणजे आकार सारखा, रंग सारखा, चिन्ह सारखं, आणि एकमेकांचं कार्ड ओळखा एवढी विनंती. त्या कार्डावर तुम्हाला काय काय मिळणार हे त्या त्या देशाने ठरवायचं. पाहुणे म्हणून गेलो की यजमानाच्या घरात चपला कुठे काढायच्या ते यजमान सांगतो.

तीन_चाकं

काका, चपला काढायची उपमा व्हीलचेअरवाल्याला देताय हे लक्षात आलं का तुमच्या, हाहा.

मी स्वतः व्हीलचेअर वापरतो, फ्रान्समधे असतो, हँड कंट्रोलची गाडी स्वतः चालवतो. तुमच्या "दहा मिनिटं" वर माझा खरा आक्षेप आहे. धडधाकट माणसाची दहा मिनिटं म्हणजे झेडटीएलची दहा मिनिटं. माझी आधीच हॉटेलच्या बाथरूमचं दार किती सेंटिमीटर आहे हे विचारण्यात गेलेली असतात, मग लिफ्ट खरंच चालते का, रॅम्प म्हणतात तो रॅम्प आहे की दोन पायऱ्यांवर टाकलेली फळी, पार्किंगच्या चौकोनाच्या बाजूला खुर्ची उतरवायला जागा आहे का. हे सगळं झाल्यावर पाच गावांच्या पाच नगरपालिकांना पाच ईमेल, इटालियनमधे, आणि उत्तर येईलच असं नाही. सवलत आहे पण ती मिळवायला जी धावपळ लागते ती नेमकी धावता न येणाऱ्याच्या वाट्याला, असा विनोद आहे हा.

आणि दुसरी पद्धत शक्य आहे. इकडे २०१५ पासून कायदा आहे की कार्डधारकाने कुठल्याही सार्वजनिक पार्किंगच्या जागेत, फक्त राखीव नव्हे, फुकट गाडी लावायची. गावाला वेळेची मर्यादा घालायची असेल तर ती बारा तासांपेक्षा कमी नको. एक ओळीचा नियम, देशभर. परदेशी निळं कार्ड असलं तरी तेच.

प्रामाणिकपणे सांगायचं तर इकडेही आता नंबरप्लेट स्कॅन करत फिरणाऱ्या गाड्या आल्यात, पॅरिसमधे तर सर्रास, आणि त्यांनाही काचेमागचं कार्ड दिसत नाही. म्हणजे रोडट्रिपवालीचा मुद्दा इटलीपुरता नाहीये. पूर्वी शिपाई वाकून काचेतून बघायचा. आता बघणारं कोणी उरलं नाही, सगळं डेटाबेसवर चाललंय, आणि कार्ड मात्र अजून पुठ्ठ्याचं.

ढगाळ_हवामान

इंग्लंडमधून लिहितेय. तुम्ही लोक निदान शिफारशीच्या आत तरी आहात हो. आमच्याकडे ही स्कीम १९७१ पासून, तेव्हा बॅज केशरी होता, २००० साली युरोपच्या नमुन्याप्रमाणे निळा झाला, आणि आता आम्हीच युनियनमधून बाहेर, त्यामुळे आमचा ब्लू बॅज कुठे चालतो हे देशागणिक सरकारी यादीत बघत बसायचं. आईला घेऊन जायचं म्हटलं की मी त्या त्या देशाचं पान निघायच्या आदल्या आठवड्यात परत बघते.

पण खरं सांगू का, मला काकांचं निम्मं पटतं. कारण आपल्याच देशात तरी कुठे एकसारखं आहे? इंग्लंडमधे डबल यलो लाइनवर, म्हणजे एरवी पार्किंगला बंदी असते तिथे, आल्याची वेळ दाखवणारं पुठ्ठ्याचं घड्याळ लावून तीन तास, स्कॉटलंडमधे तीच वेळेची मर्यादा नाही, आणि मध्य लंडनच्या वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन अँड चेल्सी, सिटी ऑफ लंडन या भागांत स्कीम पूर्ण लागूच नाही, त्यांचे वेगळे नियम. मी या देशात राहून गोंधळते तर पॅरिसहून आलेल्या माणसाचं काय होत असेल. आईचा बॅज एकदा मी घाईत उलटा ठेवला, फोटो वर आणि चिन्ह खाली, चिठ्ठी लागली. फोटो बघून तरी कळायला नको? नाही कळत.

खडूस_काका

@ढगाळ_हवामान निम्मं का होईना, धन्यवाद.

आता एक कडू प्रश्न, चिडू नका. इंग्लंडने २०१९ पासून न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही बॅज द्यायला सुरुवात केली. जर्मनीत निळ्या कार्डासाठी निकष फार कडक आहेत, चालण्याच्याच अडचणीचा अपंगत्वाचा ग्रेड शंभरपैकी किमान ८० धरला जातो, नाहीतर अंधत्व वगैरे. म्हणजे एकाच राखीव चौकोनासाठी एका देशात दहाजण पात्र, दुसऱ्यात दोघं. मग पाहुण्याचं कार्ड डोळे झाकून मान्य करा म्हणजे जिथला निकष सैल तिथल्या लोकांनी येऊन कडक निकषवाल्या गावातली जागा अडवायची. स्थानिक माणसाने काय करायचं, ज्याला त्याच्याच देशात कार्ड नाकारलंय?

तीन_चाकं

हा प्रश्न कडू नाही, चुकीचा आहे. पर्यटक म्हणून आलेला ऑटिस्टिक मुलगा आणि त्याची आई तुमची जागा अडवत नाहीत. जागा अडवतो तो "दोनच मिनिटं आलो" म्हणून हॅझर्ड लाइट लावून उभा राहणारा. मी मोजत नाही पण रोज एक तरी भेटतो, आणि त्याच्याकडे कुठल्याच देशाचं कार्ड नसतं.

स्थानिक माणसाला कार्ड नाकारलं असेल तर भांडण त्याच्या सरकारशी आहे. माझं लायसन्स घेऊन मी शेजारच्या देशात गेलो की तिथे परत परीक्षा घेतात का, की तुमच्या देशात रिव्हर्स पार्किंगला कमी मार्क ठेवलेत म्हणून?

पश्चिमकिनारा

अमेरिकेतून दोन आणे. इथे प्लॅकार्ड म्हणजे दिव्यांग पार्किंगची पाटी राज्य देतं, गाडीतल्या मागचं बघायच्या आरशाला लटकवायची. १९९१ च्या फेडरल नियमात स्पष्ट आहे की राज्यांनी इतर राज्यांचीच नव्हे तर इतर देशांची प्लॅकार्डंसुद्धा राखीव जागेसाठी ओळखावीत. कागदावर म्हणजे तुमचं निळं कार्ड इथे चालायला हवं, आणि सासूबाईंचं कॅनडाचं परमिट आम्ही पाच राज्यांत वापरलं, कोणी काही बोललं नाही.

पण इथेच लोक फसतात. नियम आहे तो जागेचा, बाकीच्या सवलतींचा नाही. कॅलिफोर्नियात प्लॅकार्ड असलं की मीटरचे पैसे नाहीत, म्हणून आम्ही समजलो सगळीकडे तसंच, आणि पुढच्या राज्यात मीटर न भरल्याचं तिकीट. न्यूयॉर्क शहर तर अजून वेगळं, रस्त्याकडेच्या पार्किंगच्या खास सवलती फक्त शहराने स्वतः दिलेल्या परमिटवर, राज्याचं प्लॅकार्डसुद्धा त्याला पुरत नाही, तर परदेशी कुठून पुरणार.

त्यामुळे मी मधला. चौकोनात गाडी लावायचा हक्क सगळीकडे बिनशर्त मिळावा, ईमेल नाही नोंदणी नाही. फुकट पार्किंग, बंदी असलेल्या भागात प्रवेश, वेळेची सूट, हे ज्याच्या त्याच्या गावाने ठरवावं आणि आपण वाचून जावं.

मधली_सुट्टी

कबूल करून टाकतो. माझ्या वडिलांकडे जर्मनीचं केशरी कार्ड आहे, निळं नाही. आम्ही ते ऑस्ट्रियात वापरलं, दोनदा, व्हीलचेअरच्या चौकोनात. काही झालं नाही. दिसायला सरकारी आहे, कोण बघतंय.

रोडट्रिपवाली

@मधली_सुट्टी अरे बाबा! केशरी कार्ड फक्त जर्मनीत चालतं आणि जर्मनीतसुद्धा व्हीलचेअरच्या चौकोनात चालत नाही! ते इतर सवलतींसाठी आहे. म्हणजे जे घरी करता येत नाही ते तू बाहेर जाऊन केलंस. माझ्या बाजूने बोलायला आलास आणि काकांच्या हातात कोलीत दिलंस.

खडूस_काका

मी काही बोललोच नाही. फक्त हसलो.

मधली_सुट्टी

चुकलं. खरंच माहीत नव्हतं, फ्रिजवर चिकटवलेलं असतं ते, कधी मागची बाजू वाचली नाही. पण वडिलांना दोनशे मीटर चालवत नाही हेही तितकंच खरं आहे ना.

फाइलवाला

वाद चालू द्या, पण रोडट्रिपवाली ताई, दंडाचं काय केलंत? माझा इटलीतल्या दंडांचा दुर्दैवाने बराच अनुभव आहे म्हणून विचारतो. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवस असतात, तेव्हा आठ महिने म्हणजे मुदतीत आहे, त्यावर भांडता येणार नाही. पाच दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट. पण एकदा भरलंत की अपील संपलं, हे लोकांना माहीत नसतं, आधी भरतात आणि मग पत्र लिहितात.

अपील करायचं तर प्रीफेक्टकडे, म्हणजे त्या प्रांतातल्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याकडे, ६० दिवसांत, कार्डाची दोन्ही बाजूंची कॉपी, हॉटेलचं बिल आणि त्या दिवशी कार्डधारक गाडीत होता हे दाखवणारं काहीही. धोका एवढाच की प्रीफेक्टने फेटाळलं तर रक्कम साधारण दुप्पट होते. काही गावांत आत शिरल्यानंतरही ठरावीक मुदतीत नंबर कळवता येतो, ती मुदत तुमची केव्हाच गेली, पण पुढच्या वेळी लक्षात ठेवा, विशेषतः भाड्याच्या गाडीत, कारण तिथे काउंटरवर चावी हातात पडेपर्यंत नंबरच माहीत नसतो, आधी कळवणार काय?

ढगाळ_हवामान

इटलीने म्हणे स्वतःच्या कार्डधारकांसाठी एक राष्ट्रीय नोंदणी काढलीय ना, एकदा नंबर टाकला की सामील झालेल्या सगळ्या गावांत चालतो?

फाइलवाला

हो, पण सगळी गावं सामील नाहीत. आणि २०२४ मधे युरोपियन युनियनचा नवा डायरेक्टिव्ह झालाय, दिव्यांग कार्ड आणि पार्किंग कार्ड दोन्हींसाठी, तो शिफारस नाही, बंधनकारक आहे. देशांनी जून २०२७ पर्यंत कायदे करायचे आणि जून २०२८ पासून लागू. पाहुण्या कार्डधारकाला स्थानिकासारखीच वागणूक, असं त्यात आहे.

खडूस_काका

"स्थानिकासारखीच" हे नीट वाचा. स्थानिकाला जिथे नंबर नोंदवावा लागतो तिथे पाहुण्यालाही लागेल. म्हणजे २०२८ मधेही मीच बरोबर.

तीन_चाकं

आणि स्थानिकाला एकदा नोंदवून देशभर चालत असेल तर पाहुण्यालाही एकदाच लागायला हवं. म्हणजे २०२८ मधे मी बरोबर.

रोडट्रिपवाली

@फाइलवाला एक भरला, एकाचं अपील केलं. माहितीय, विचित्र आहे. आत जातानाचा भरून टाकला कारण खरंच कळवलं नव्हतं, चूक माझी, काका खूश व्हा. परत येतानाच्या दंडावर मात्र भांडतेय, कारण दुपारी हॉटेलच्या बाईने माझ्यासमोर फोन करून आमचा नंबर दिला होता, तिने ईमेलवर तसं लिहूनही दिलंय. बावन्न दिवस झाले, अजून उत्तर नाही.

नवऱ्याचं मत विचाराल तर तो म्हणतो पुढच्या वेळी ट्रेनने जाऊ. मी म्हटलं ट्रेनमधे व्हीलचेअरची मदत हवी असेल तर आधी कळवावं लागतं, माहितीय ना. तर म्हणाला मग राहू दे, गाडीच काढ.