दोनशे किलोमीटरचा हिशोब अडीच तासांत बसत नाही

२०० किमीवरच्या शहरात गाडीने जाऊन त्याच दिवशी परत यायचं, तर ‘२०० किमी, ताशी ८० चा वेग, म्हणजे एका बाजूला अडीच तास’ असा हिशोब मांडला जातो. तो फक्त मोकळ्या महामार्गाचा आहे. दोन्ही शहरांतले १५-१५ किमी ताशी २० ने धरा, तिथेच दीड तास जातो. उरलेल्या १७० किमीला सव्वादोन तास आणि वीस मिनिटांचा एक थांबा. एका बाजूला चार तास धरूनच निघा.

वेळापत्रक उलटं आखावं. घरी रात्री आठला पोचायचं तर परत दुपारी चारला निघायला हवं. सकाळी सहाला निघालात तर तिथे हातात सहा तास उरतात. त्यात दोनच ठिकाणं बसवा, तिसरं घुसवलं की परतीचा प्रवास आणखी अंधारात सरकतो.

दिशेचाही विचार करा. जायचं ठिकाण पूर्वेला असेल तर सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, दोन्ही वेळा ऊन थेट डोळ्यांवर येतं. समोरची काच आतून पुसाच. तिच्यावरचा तेलकट थर तिरप्या उन्हात पांढरा उजळतो आणि पुढचं काही दिसत नाही.

प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच त्यांची हवा तपासा. गाडी भरलेली असेल तर भरल्या गाडीसाठी दिलेला आकडा घ्या (बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो). वाटेत तापलेल्या टायरचा दाब वाढलेलाच दिसतो, म्हणून हवा काढू नका. स्टेपनीतली हवाही बघा.

जेवणानंतर झापड आली तर गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटं झोपा. खिडकी उघडून किंवा गाणी लावून झोप जात नाही.