डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) वृषणाची शीर फुगलेली दिसली, म्हणून लगेच ऑपरेशन?

सुईदोरा: कालच्या पोस्टमधलं ‘व्हेरिकोसील निघालं की सगळ्यांनी ताबडतोब बांधून घ्या, नाहीतर बाप होणं विसरा’ हे वाक्य वाचून गप्प बसवत नाही. व्हेरिकोसील म्हणजे वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगणं. शंभरातल्या साधारण १५ पुरुषांना हे असतं आणि बहुतेकांना मुलं होतात. मुलासाठी म्हणून ऑपरेशन, म्हणजे त्या शिरा बांधणं, कुणाचं? हाताला लागणारं व्हेरिकोसील, वीर्यतपासणीत दोष आणि प्रयत्न करूनही मूल होत नाही, हे तिन्ही असेल त्याचं. फक्त डॉपलरला दिसणारं, बोटांना न लागणारं बांधून फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही. तपासणी उबदार खोलीत, रुग्णाला उभं करून, श्वास रोखून कुंथायला लावून करायची. गारठ्यात वृषणाची पिशवी आक्रसते आणि मग काहीच हाताला लागत नाही. ही दोन मिनिटं वाचवायची म्हणून थेट सोनोग्राफीला पिटाळतात.

गरमडोकं: पोस्ट माझीच. ‘थांबा’ म्हणायला काय जातं? डाव्या वृषणाची शीर काटकोनात मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते. झडपा निकामी झाल्या की रक्त उलटं उतरून साचतं आणि वृषण तापत राहतं. ते आपोआप थांबणार आहे का? वाढत्या वयाच्या मुलांत डावं वृषण उजव्यापेक्षा २० टक्क्यांहून लहान राहिलं तरी बघत बसायचं?

सुईदोरा: मुलांबाबत मान्य, पण एका मापावर नाही. सहा महिने ते वर्षभराने पुन्हा मोजा. तफावत टिकली तर बोला.

भिंग: तुम्ही दोघं ज्या ‘वीर्यतपासणीतल्या दोषा’वर भांडताय, तो रिपोर्ट तरी धड असतो का? २ ते ७ दिवसांचा संयम हवा. नमुना पूर्ण हवा. पहिल्याच थेंबांत सर्वाधिक शुक्राणू असतात. ते सांडले तर आकडा खोटा. साधा कंडोम, लाळ, तेल चालत नाही. घरून आणायचा तर डबी अंगालगत धरून तासाच्या आत. आणि एका रिपोर्टवर निर्णय नाहीच, काही आठवड्यांच्या अंतराने किमान दोन.

गरमडोकं: धागा ऑपरेशनचा आहे की डबीचा?

भिंग: डबीचाच! चुकीच्या डबीवरून सुरी चालते. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे दोन महिन्यांपूर्वीचा सणसणीत ताप आजच्या आकड्यात दिसतो. तो कुणी विचारतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांत खालची मर्यादा मिलिलीटरला १.६ कोटी शुक्राणू आणि त्यातले हलणारे एकूण ४२ टक्के. ही पास-नापासची रेघ नव्हे. त्याखालच्यांनाही मुलं होतात.

तिरकस: त्यात ‘ताकद’ वाढवायला टेस्टोस्टेरॉन टोचून घेणारे घाला. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणाला हुकूम देणं बंद करतो आणि शुक्राणू शून्यावरही येतात. आणि खापर कुणावर? बिचाऱ्या शिरेवर.

गरमडोकं: टोमणे पुरे. दुखणाऱ्यांचं काय? दिवसभर उभं राहिलं की ओढल्यासारखं दुखतं, आडवं झालं की थांबतं.

टाका: आधी घट्ट आधार देणारी लंगोटी आणि काही आठवडे वेदनाशामक. तरीही दुखत राहिलं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर ऑपरेशन. करायचंच तर जांघेखालून, मायक्रोस्कोप लावून. वृषणाची धमनी जेमतेम एक मिलिमीटरची. ती शिरांच्या जाळ्यात चिकटलेली असते, म्हणून बारीक डॉपलरने ठोका ऐकून वेगळी करायची. लसिकावाहिन्या (अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) पारदर्शक, त्या बांधल्या गेल्या की पिशवीत पाणी भरतं. वीर्यनलिका आणि तिच्या शिरा सोडायच्या, कारण रक्ताला परतायला तीच वाट उरते. शिरेत बारीक नळी सरकवून ती आतून बंद करायची सोयही आहे, पण कधीकधी नळी तिथवर पोचतच नाही. फरक बघायचा तीन महिन्यांनी. पंधराव्या दिवशी रिपोर्ट काढणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

सुईदोरा: आणि बायकोचं वय पस्तिशीपुढे असेल तर थांबण्याचं गणितच बदलतं. ते पोस्टमध्ये कुठे होतं?

गरमडोकं: बरं, ‘सगळ्यांनी’ खोडतो, खूश? पण फक्त उजवीकडे, अचानक आलेलं आणि आडवं झाल्यावरही न ओसरणारं असेल, तिथे तरी ‘थांबा’चा जप नको.

सुईदोरा: तिथे कोण थांबा म्हणतंय? मूत्रपिंडाकडची गाठ शीर दाबत असू शकते, म्हणून पोटाची तपासणी लगेच. तपासणी म्हणालो बरं का, बांधाबांधी नाही.