जुने सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारी वाद्यं) स्वस्तात मिळतात का, की सगळा पैसा दुरुस्तीत जातो?

जुनीतार: विंटेज गिअर, म्हणजे जुनी नामांकित वाद्यं, आता आपल्या आवाक्यात राहिलं नाही असं जो तो म्हणतो, मला अजिबात पटत नाही. आवाक्याबाहेर गेलंय ते फक्त नाव झालेलं गिअर. टीबी-३०३ या बास सिंथचंच घ्या ना, रोलँड कंपनीने १९८१ मध्ये काढलं, साथीला बास गिटारवाला नसेल तर हे वापरा म्हणून, पण तो आवाज कोणाला बाससारखा वाटेना, मग ते बंद पडलं आणि सेकंड हँडमध्ये कवडीमोलाने जायला लागलं, म्हणून तर शिकागोच्या पोरांना परवडलं आणि त्यातनं अ‍ॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार आला. स्वस्त तेच मिळतं जे आज बाकीच्यांना नकोय. आत्ता ते म्हणजे ८० च्या दशकातले कमी नॉबवाले (फिरवायची बटणं कमी असलेले) डिजिटल, म्हणजे आकडेमोडीने आवाज काढणारे सिंथ, कवाई के-१, यामाहा डीएक्स-१०० वगैरे, आणि रॅकवाले मॉड्यूल, म्हणजे कीबोर्ड नसलेले नुसते डबे. रोलँडचं एमकेएस-५० म्हणजे त्यांच्याच अल्फा ज्युनो सिंथचं कीज नसलेलं रूप की!

सोल्डरवाला: ३०३ ची गोष्ट खरी आहे पण ती तेव्हाची, आता विकणारा आधी मोबाइलवर भाव बघतो. आणि स्वस्त मिळालं तरी पुढे काय? रोलँडच्या ज्युनो-१०६ सिंथचं उदाहरण घ्या, त्यात सहा आवाजांच्या सहा चिप, त्यांच्यावर जो राळेचा थर आहे तो जुना झाला की चिप बिघडते, मग एक सूर खरखरतो किंवा दाबलेली की सोडली तरी वाजतच राहतो. लोक त्या काढून अ‍ॅसिटोनमध्ये भिजवतात, थर सोलतात, परत बसवतात. कॉर्ग पॉलिसिक्समध्ये तर मेमरीची बॅटरी गळून बोर्डच खाते. ज्याला सोल्डरिंग येत नाही त्याने सरळ नवीन घ्यावं, कॉर्गने २०१३ मध्ये आपल्या जुन्या एमएस-२० ची छोटी नवी आवृत्ती, एमएस-२० मिनी, काढलीच ना.

जुनीतार: अहो पण तुम्ही दोन्ही उदाहरणं अ‍ॅनालॉगची, म्हणजे सर्किटमधून थेट आवाज काढणाऱ्यांची दिलीत, मी बोलतोय डिजिटलबद्दल. यामाहाच्या डीएक्स-७ मध्ये बहुतेक वेळा आतली सीआर-२०३२ बॅटरी संपलेली असते, विकणारा बिचारा "आवाज येत नाहीत, खराब आहे" म्हणून काढून टाकतो. बॅटरी बदला, मिडीवरून (वाद्यं आणि कॉम्प्युटर जोडायची पद्धत) मूळचे पॅच, म्हणजे साठवलेले आवाज, परत भरा, झालं!

रात्रपाळी: मी सोल्डरवालांच्या बाजूने. ती बॅटरी बोर्डाला सोल्डर केलेली असते, नवशिक्याने कशी बदलायची? आणि जपानहून येणारं गिअर १०० व्होल्टचं असतं, २३० च्या सॉकेटला ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलं की पॉवर सप्लाय गेलाच म्हणून समजा. फोटो बघून तर कधीच घेऊ नका, समोर अर्धा तास चालू ठेवायला सांगा कारण बरेच दोष तापल्यावरच दिसतात, प्रत्येक की हळू आणि जोरात दाबून बघा, स्लायडर पूर्ण वरखाली करा, खरखर फक्त धुळीची असेल तर क्लीनरने जाते.

जुनीतार: हे सगळं बघून घ्या असंच माझंही म्हणणं आहे, घेऊच नका असं कुठे म्हटलं मी?

सोल्डरवाला: बघून घेतलं तरी एक अडचण राहतेच. अ‍ॅनालॉगमधला कपॅसिटर कुठल्याही दुकानात मिळतो, पण डिजिटलमधली यामाहाची स्वतःची चिप गेली तर तसंच दुसरं मशीन फोडून काढावी लागते. त्यामुळे स्वस्त डीएक्स घेणार असाल तर जमल्यास दोन घ्या, एक वाजवायला आणि एक पार्टसाठी, आणि मग दोन्हींचे पैसे धरून सांगा स्वस्त पडलं का ते.